बेडूक जेवत नाही, बाई!

मृग लागून आठवडा झाला होता. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि दवाखान्यात सर्दी-खोकला, जुलाब यांची गर्दी होती. त्या गर्दीत एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू चौथीतला. तक्रार नेहमीचीच, रोज एकदा तरी कानावर येणारी.

"बाई, ह्याला भुकेचं औषध द्या. काय बी खाईना झालाय."

मी मुलाकडे पाहिले. गाल भरलेले, डोळे तरतरीत. पण त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हते, मांडीवरच्या पिशवीकडे होते. "काय आहे रे पिशवीत?" असे विचारताच त्याने लोणच्याची काचेची बरणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके. आत चार बोटे पाणी. पाण्यावर तरंगणारी भाताची शिते, चपातीचा फुगलेला तुकडा आणि काचेला चिकटून बसलेला एक तपकिरी झाडबेडूक.

"मॅडम, माझं राहू दे. आधी ह्याला बघा. आठ दिवस झाले, हा काहीच खात नाही."

आजी ओशाळल्या. "न्हाणीत बसला होता, तिथनं धरून आणलाय. आता त्यो खाईना म्हणून ह्यो बी जेवंना. सांगा की काय तरी."

बाहेर बाकावर बसलेले पेशंट हसू लागले. मलाही हसू आले. पण पोराच्या डोळ्यांत पाणी होते.

कापायला शिकले, जगवायला नाही

बेडूक मला नवा नाही. बारावीला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून आम्ही त्याचे पोट उघडले. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत त्याचा मेंदू सुईने निकामी करून पोटरीचा स्नायू तरफेला जोडला. विजेचा झटका दिला की स्नायू आकसायचा आणि फिरत्या ड्रमवरच्या काजळलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटायची. त्या रेघेला गुण असत.

डॉक्टरी विद्येवर बेडकाचे उपकार मोठे आहेत. स्नायू आणि वीज यांचे नाते इटलीच्या गॅल्व्हानींना १७८० नंतरच्या दशकात बेडकाच्या पायातच दिसले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एकाची नस चाळवून त्याचा ठोका मंद केला आणि त्याच्याभोवतीचे पाणी दुसऱ्याला दिले. तेही मंद झाले. नसा रसायनांच्या मार्फत निरोप पोचवतात, हे त्यातून सिद्ध झाले. १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० नंतर काही दशके बाईला दिवस गेलेत की नाही हेसुद्धा आफ्रिकेतल्या एका बेडकीवरून ओळखत. बाईच्या लघवीचे इंजेक्शन दिल्यावर बेडकीने दिवसभरात अंडी घातली तर बाई गरोदर!

एवढे सगळे बेडकाने आम्हाला शिकवले. पण जिवंत बेडूक जेवत नसेल तर काय करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. नेमके तेच हा चौथीतला मुलगा विचारत होता.

मी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, मी गाई-म्हशी बघतो. बेडकाचा पेशंट आयुष्यात पहिलाच. पण पुण्यात माझा एक मित्र साप-कासवांवर उपचार करतो, त्याला विचारून सांगतो." अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. पहिले वाक्य होते, "काय वाटेल ते करा, पण तोंड उघडून भरवू नका." दुसरे वाक्य, "औषध शोधण्याआधी त्याचं घर बघा."

आधी विचारपूस, मग तपासणी

कोणत्याही पेशंटची हकीकत घेतात तशी मी या पेशंटची घेतली.

बरणी कुठे ठेवतोस? खिडकीत, उन्हाला. बेडकाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. भोवती जेवढे ऊन तेवढे त्याचे अंग तापते आणि काचेच्या बंद बरणीत तर तो उकडून निघतो.

पाणी कुठले? नळाचे. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त असते. आपल्यासाठी ती हवीच. पण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून तो पाणी आत ओढतो आणि श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जाते. शिवाय झाडबेडूक हा सारखा पाण्यात बसणारा प्राणी नव्हे. त्याला दमट जागा आणि चढायला फांदी लागते.

खायला काय देतोस? भात, चपाती, एकदा दूध. बेडकाच्या डोळ्याला हलते ते भक्ष्य. पडून राहिलेले शीत त्याच्या लेखी खडा. त्याला लागतात जिवंत किडे : पतंग, रातकिडे, नाकतोडे.

कधी देतोस? सकाळी, शाळेत जाण्याआधी. झाडबेडूक रात्री शिकार करतो. दिवसा तो मुकाट बसून राहतो, ते दुखणे नव्हे, त्याची झोप आहे.

हात कोण कोण लावते? सगळ्या गल्लीतली पोरे. हाताला साबण, सॅनिटायझर, खोकल्याचा बाम. रात्री खोलीत डासांची कॉइल. त्या पातळ कातडीला हे सगळे झोंबते आणि त्यातले बरेच आत शिरते.

मग हात साध्या पाण्याने खळखळून धुऊन, ओल्या हातानेच मी त्याला बाहेर घेतले. काचेवर धडका मारून नाकाचा शेंडा सोलवटला होता. पोटाखाली आणि मांड्यांवर लाली नव्हती. डोळे खोल गेले नव्हते, अंगावर सूज नव्हती. उताणा केला तर क्षणात सुलटा झाला. वजनासाठी समोरच्या सराफांकडे गेलो. डबीचे वजन वजा करून काटा ११ ग्रॅमवर थांबला. सराफ म्हणाले, "बाई, एवढ्या वजनाचं मंगळसूत्र असतं तर आज माझी बोहनी झाली असती."

निदान सोपे होते. बेडूक आजारी नव्हता. तो घाबरलेला होता, उकडलेला होता आणि त्याच्या दृष्टीने त्याला आठ दिवसांत कोणी जेवायला वाढलेच नव्हते.

उपचार : काहीही न करणे

औषध शून्य. जुना प्लास्टिकचा टब घ्यायचा. तळाला ओला पालापाचोळा, एक आडवी फांदी, लपायला नारळाची करवंटी आणि उथळ बशीत विहिरीचे किंवा धरून ठेवलेले पावसाचे पाणी. नळाचेच वापरायचे तर उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा. टब न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचा आणि दोन दिवस डोकवायचेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर बल्बखाली जमलेले तीन-चार पतंग आणि एखादा रातकिडा आत सोडायचा. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको आणि औषध फवारलेल्या शेतातला नको.

"आणि नाहीच खाल्लं तर?" मुलाने विचारले. "चमच्यानं भरवू?"

"नाही," मी म्हटले. माझा आवाज जरा जास्तच चढला. आजींनी चमकून पाहिले.

माझ्याच घरातली गोष्ट

वाचकहो, त्या आवाजामागे एक कारण आहे. ते मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

२०११ मध्ये माझे सासरे गेले आणि सासूबाईंना आम्ही गावाहून आमच्याकडे आणले. दवाखान्याच्या वरच आमचे घर. त्यांना मागची शांत खोली दिली. करमावे म्हणून टीव्ही लावून दिला. महिन्याभरात त्यांचे जेवण अर्ध्यावर आले, मग पाव चपातीवर. मी रक्त तपासले, साखर तपासली, थायरॉइड तपासले. सगळे ठीक. भुकेचे टॉनिक दिले, पाचक दिले. काही फरक नाही. मग मी स्वतः चमचा हातात घेतला. "दोन घास, आई, माझ्यासाठी." त्या तोंड फिरवायच्या. नवऱ्याला मी म्हणायचे, "हट्टी झाल्यात."

एका रात्री दवाखाना आटोपून उशिरा वर आले. दमले होते. त्या पडल्या होत्या, तशाच उशीला टेकवून मी खिचडी भरवली. त्या मान हलवत होत्या, मी चमचा पुढे करत होते. ठसका लागला. घास छातीत गेला. न्यूमोनिया होऊन दहा दिवस त्या इस्पितळात होत्या.

तिथे तोंड धुताना एका आयाने त्यांची कवळी काढली आणि मला हाक मारली. खालच्या हिरडीवर शेंगदाण्याएवढी जखम होती. कवळी टोचत होती. डॉक्टरच्या घरात तीन महिने कोणी त्यांच्या तोंडात बघितले नव्हते. मी चमचा घातला, बॅटरी नाही.

दंतवैद्यांनी कवळी घासून दिली. त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत आणली, रस्ता दिसेल अशी. जेवण ताटात खोलीवर न्यायचे बंद केले. त्या आमच्याबरोबर स्वयंपाकघरात बसू लागल्या. पुढे चार वर्षे त्या होत्या आणि जेवत होत्या. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाल्या, "तुला विचारायला वेळ नव्हता आणि मला सांगायला भीड वाटत होती."

न खाणे हा आजार नव्हे आणि हट्टही नव्हे. ते सांगणे असते. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलायची भीड वाटते, तो जेवण बाजूला सारून सांगतो. बेडूक असो, तान्हे मूल असो की सासूबाई असोत.

पुढे काय झाले

तिसऱ्या रात्री काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी शाळेचे दप्तर पाठीवर घेऊनच मुलगा दवाखान्यात आला. "मॅडम, दोन पतंग गायब आहेत! आणि त्यानं शी पण केलीय!" इतक्या आनंदाने ही बातमी मला फक्त तान्ह्या बाळांच्या आया देतात. आठव्या दिवशी सराफांचा काटा १२ ग्रॅमच्या किंचित पुढे गेला. नाकाचा शेंडाही भरत आला होता.

मग अवघड भाग. त्याला सोडायचे. मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला समजावले की हा बेडूक रानातला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या प्राण्यांना संरक्षण मिळाले त्यांत बेडकांच्या जातीही आहेत. ते पिकावरचे किडे खातात. परदेशी पाठवण्यासाठी बेडकांची बेसुमार पकड होत होती, म्हणून १९८७ मध्ये आपल्या देशाने बेडकाच्या पायांची निर्यातच बंद केली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "तो परत येईल?"

"न्हाणीचं दार उघडं ठेव," मी म्हटले. याहून खरे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पाऊस पडून गेल्यावर, तिन्हीसांजेला, न्हाणीमागच्या केळीखाली त्याने टब आडवा केला. बेडूक थोडा वेळ बसला आणि गेला.

आणि मुलाचे काय? त्याचे वजन २६ किलो, उंचीही वयाला साजेशी. भुकेचे औषध दिले नाही. चार वाजता मिळणारा बिस्किटांचा पुडा मात्र बंद करायला सांगितला. औषध न मिळाल्याने आजी थोड्या नाराज होऊन गेल्या.

घरी बेडूक पाळला असेल तर

१. मोठा, धडधाकट बेडूक आठवडा-दीड आठवडा न खाता राहू शकतो. जागा बदलली, थंडी पडली, कात टाकायची वेळ आली की तो खाणे थांबवतो. पिल्लाला मात्र दोन-चार दिवसांची उपासमारही जड जाते.

२. आधी जागा, पाणी, ऊब, लपण्याची सोय आणि खाण्याची वेळ तपासा. भक्ष्य हलते आहे ना, तेही पाहा.

३. आठवड्यातून एकदा वजन करा. वजन टिकून असेल तर घाई नको. सतत घटत असेल तर थांबू नका.

४. पोटावर-मांड्यांवर लाली, अंगाला सूज, खोल गेलेले डोळे, उघडे राहणारे तोंड, उताणा केल्यावर सुलटे न होता येणे, कातडी सारखी सुटणे, फुगलेले घट्ट पोट ही धोक्याची चिन्हे आहेत. खडे गिळून आतडे अडते, जंतुसंसर्ग होतो, कायट्रिड नावाची बुरशी कातडीला लागते. ही बुरशी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओळखली गेली. तिने जगात अनेक ठिकाणी बेडकांचा संहार केला आहे. माणसाला ती लागत नाही. अशा वेळी पशुवैद्यकांकडेच जा. ते स्वतः बेडूक बघत नसतील तर बघणाऱ्याचा पत्ता देतील.

५. माणसाच्या गोळ्या, सिरप, मलम, जंतुनाशक यांतले काहीही बेडकाला देऊ किंवा लावू नका.

६. शहरातल्या दुकानातून आणलेला परदेशी बेडूक कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका. त्याच्यासोबत त्याचे रोगही आपल्या बेडकांत जातात.

७. बेडकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. ती माणसाकडून माणसाला लागणाऱ्या विषाणूने येते. पण बेडकाच्या अंगावर जुलाबाचे साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून नंतर साबणाने हात धुवा, टब स्वयंपाकघरात धुऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याला हाताळू देऊ नका. खरखरीत कातडीच्या भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतून निघणारा चीक डोळ्यात गेला तर आग होते. भरपूर पाण्याने डोळे धुवा.

घरातले माणूस जेवत नसेल तर

मूल खेळते आहे, वजन-उंची तक्त्याप्रमाणे वाढते आहे, तर त्याच्या भुकेवर विश्वास ठेवा. ताट वाढणे आपले काम, किती खायचे ते त्याचे. पण ताप, वारंवार उलट्या, मरगळ, सहा-आठ तास लघवी न होणे, पाणीसुद्धा नाकारणे यांतले काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वयस्कर माणसाचे वजन सहा महिन्यांत शंभरातले पाच भाग घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, तर ते "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आधी तोंडात बघा : कवळी, हिरड्या, जिभेवरचा पांढरा थर. मग विचारा : गिळताना अडकते का, ठसका लागतो का, पोट साफ होते का, मन लागते का. गोळ्यांचा डबा डॉक्टरांना दाखवा. साखरेसाठीची मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या यांनीही भूक मरते. पण आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. भरवावे लागलेच तर बसवून, लहान घास, पहिला घास गिळल्यावर दुसरा. मान फिरवली की थांबा. आणि जेवताना शेजारी कोणी तरी बसा.

गेल्या आठवड्यात त्या आजी गुडघ्यासाठी आल्या होत्या. मी विचारले, "नातू काय म्हणतो?"

"टब मोकळा पडलाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यो रोज रातीला न्हाणीत बल्ब लावून बसतोय, बेडकाला पतंग मिळावेत म्हणून. लाईटबिल वाढलंय बाई."

"आणि जेवण?"

"जेवतोय की. ताट तिकडंच घेऊन जातोय."